घामाची फी : कर्मवीर भाऊराव पाटील

९ मे हा कर्मवीर भाऊराव पाटील यांचा स्मृतिदिन. १९५९ साली याच दिवशी पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांचे पुतळे उभे राहिले, रस्त्यांना आणि महाविद्यालयांना त्यांचे नाव मिळाले, जयंती-पुण्यतिथीला हार घालण्याची प्रथाही पडली. मात्र ज्या प्रश्नाला त्यांनी आपले आयुष्य वाहिले, तो प्रश्न सुटला असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. खेड्यातल्या मुलाने गावाजवळ राहूनच उत्तम शिक्षण कसे घ्यावे, हाताने काम करताना त्याला कमीपणा का वाटू नये आणि शिकल्यानंतर त्याच्या शिक्षणाचा उपयोग त्याच्याच परिसराला कसा व्हावा, असा तो तिहेरी प्रश्न आहे.

मुंबईच्या उंबरठ्यावरच्या भिवंडी तालुक्याकडे पाहिले की या प्रश्नाची धार जाणवते. यंत्रमागांचे शहर म्हणून भिवंडीची ओळख जुनी आहे. गेल्या काही दशकांत शहराभोवतीच्या भातशेतीत गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या. माग चालविणारे हात मोठ्या संख्येने उत्तर प्रदेशातून आणि तेलंगणातून आले. आता नव्या गोदामांना वीजतंत्री हवा, यंत्रदुरुस्ती करणारा हवा, मालाचा हिशेब संगणकावर ठेवणारा हवा. तालुक्यातील दिघाशीसारख्या गावातल्या तरुणाच्या वाट्याला यातले कोणते काम येते? गोदामाच्या दारावरचा पहारा आणि मालाची चढउतार, की आतल्या यंत्रांची जबाबदारी? हे ठरते ते त्याच्या आवाक्यातल्या अंतरावर कोणती शाळा, कोणते महाविद्यालय आणि कोणते प्रशिक्षण उपलब्ध आहे यावरून. शंभर वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यात एका माणसाने नेमका हाच प्रश्न हाती घेतला होता. त्याच्याकडे पैसा नव्हता, पदवी नव्हती. मॅट्रिकचा उंबरठाही त्याने ओलांडलेला नव्हता.

वर्गात नापास, व्यवहारात उत्तीर्ण

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. घराणे वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. वडील पायगोंडा पाटील सरकारी नोकरीत असल्यामुळे बदलीच्या गावी बिऱ्हाड हलत असे आणि मुलाची शाळाही बदलत असे. पुढील शिक्षणासाठी भाऊरावांना कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये घालण्यात आले. राहण्याची सोय जैन बोर्डिंगात झाली.

ते कोल्हापूर राजर्षी शाहू महाराजांचे होते. बहुजन समाजातील मुलांना शहरात राहून शिकता यावे म्हणून महाराजांनी निरनिराळ्या जातींची वसतिगृहे सुरू करून दिली होती. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या समारंभाला भाऊराव उपस्थित राहिले आणि परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी साफ नकार दिला. बोर्डिंगच्या शिस्तीला हे मानवणारे नव्हते. त्यांना तेथून बाहेर पडावे लागले. शाहू महाराजांनी त्यांना आपल्या आश्रयाला घेतले. एका विद्यार्थ्याच्या आयुष्यातील ही घटना वरकरणी लहानशी आहे. पुढे भाऊरावांनी स्वतः वसतिगृह काढले तेव्हा त्यात सर्व जातींची मुले एका पंगतीला का बसली, याचे उत्तर मात्र येथेच सापडते.

अभ्यासात त्यांचे मन रमले नाही. कुस्तीची आवड होती, शरीर दणकट होते, स्वभाव हट्टी होता. गणिताशी मात्र कायमचे वाकडे होते. इंग्रजी सहावीच्या पुढे गाडी सरकली नाही. त्यांना वरच्या वर्गात घालावे म्हणून खुद्द महाराजांनी शब्द टाकला, तरी शिक्षकाने तो मानला नाही, अशी आख्यायिका सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, शिक्षणसंस्था उभारणारा हा माणूस औपचारिक शिक्षणाच्या चौकटीत बसला नव्हता, एवढे खरे. साताऱ्यात त्यांनी काही काळ शिकवण्या केल्या आणि लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. १९१० च्या सुमारास मित्रांच्या साहाय्याने दूधगाव येथे विद्यार्थ्यांसाठी आश्रम सुरू करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. पुढच्या मोठ्या कामाची ती पहिली पेरणी होती.

१९१४ मध्ये कोल्हापुरात डांबर प्रकरण उद्भवले. राजघराण्यातील पुतळ्याला डांबर फासल्याचा आळ अण्णासाहेब लठ्ठे यांच्यावर यावा, यासाठी भाऊरावांवर साक्ष देण्याचा दबाव आणला गेला. बोर्डिंगातून काढले जाण्याच्या वेळी लठ्ठ्यांशी त्यांचा खटका उडाला होता. सूड उगविण्याची संधी आयती चालून आली होती. भाऊरावांनी खोटी साक्ष दिली नाही. त्यापायी कोठडी भोगली, छळ सोसला. या प्रकरणानंतर त्यांच्या शब्दाला वजन आले. शब्दावर विसंबून लोकांनी धान्य द्यावे, जमीन द्यावी, पोटची मुले स्वाधीन करावीत, असा पुढचा काळ येणार होता. त्या विश्वासाचा पाया येथे घातला गेला.

नांगर विकणारा माणूस

भाऊरावांच्या चरित्रातील एक भाग अनेकदा दोन ओळींत उरकला जातो. तो म्हणजे त्यांची कारखानदारीतील वर्षे. शिक्षण आणि कौशल्य यांचा संबंध समजून घ्यायचा तर त्या वर्षांपाशी थोडे थांबावे लागते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. बढतीत डावलले गेल्यावर ती नोकरी सोडून ते बेळगावात आले आणि सायकलींच्या व्यवसायातून कडबा कापण्याच्या यंत्राकडे व लोखंडी नांगराकडे वळले. १९१० मध्ये औंध संस्थानातील माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. नांगर तयार झाला, पण तो विकायचा कोणाला? लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. लाकडी नांगर गावचा सुतार घडवीत आणि दुरुस्त करीत असे. हा नवा नांगर मोडला तर कोणाकडे जायचे, ही धास्ती निराळीच. असा माल खपवायचा तर बांधावर उभे राहून, शेतकऱ्याच्या भाषेत, त्याच्या शंका फेडाव्या लागत. किर्लोस्करांच्या नांगराचे विक्रेते म्हणून भाऊराव हेच काम करीत गावोगाव हिंडले.

या भटकंतीत त्यांनी ग्रामीण महाराष्ट्र जवळून पाहिला. शेतकऱ्याला अवजार नको होते असे नव्हे. त्याला अवजाराची भाषा येत नव्हती. पावती वाचता येत नव्हती, हप्त्याचा हिशेब कळत नव्हता, सावकाराच्या कागदावर अंगठा उठविण्यापलीकडे त्याच्या हाती काही नव्हते. चार कोसांवर आधुनिक कारखाना उभा राहतो आणि शेजारच्या गावातल्या मुलाला त्यात हमालीखेरीज जागा नसते, ही विसंगती त्यांनी डोळ्यांनी पाहिली. यंत्र विकत आणता येते, ते चालविणारा, सुधारणारा आणि समजून घेणारा माणूस मात्र घडवावा लागतो. हा धडा त्यांना पुस्तकाने दिला नव्हता. तो त्यांनी धंद्यात घेतला होता.

पुढे धनजीशा कूपर यांच्याबरोबर त्यांनी सातारा परिसरात नांगरांच्या कारखान्याच्या उभारणीत भाग घेतला. हे कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. कारखान्याच्या उत्पन्नातील काही वाटा बहुजनांच्या शिक्षणासाठी मिळावा, अशी भाऊरावांची अपेक्षा होती. ती पुरी झाली नाही, मतभेद विकोपाला गेले आणि भाऊरावांनी कारखानदारीकडे कायमची पाठ फिरविली. चांगल्या मिळकतीचा धंदा सोडून हा माणूस मुलांसाठी धान्य मागत फिरू लागला, तेव्हा व्यवहारी लोकांनी त्याला वेड्यात काढले असल्यास नवल नाही.

एक स्वयंपाकघर, एक पंगत

रयत शिक्षण संस्थेची स्थापना ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी झाली. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचारांचा वारसा तिच्यामागे होता. संस्थेच्या नावात जात नव्हती, धर्म नव्हता, दात्याचे नावही नव्हते. होती ती रयत. पुढे संस्थेचे केंद्र साताऱ्यास आले आणि १९२४ मध्ये तेथे वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी या वसतिगृहाला भेट दिली आणि त्यांच्याच हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव देण्यात आले.

शाहू महाराजांचे नाव दिले खरे, पण कोल्हापूरच्या वसतिगृहांपेक्षा हे वसतिगृह एका बाबतीत वेगळे होते. कोल्हापुरात प्रत्येक जातीचे वसतिगृह स्वतंत्र होते. त्या काळात तेही मोठे पाऊल होते. साताऱ्यात मात्र मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, रामोशी अशी सर्व मुले एका छपराखाली आली. पाणी भरणे, दळण, स्वयंपाक, झाडलोट, बागकाम ही कामे पाळीपाळीने सर्वांनी करायची होती. ज्या समाजात कोणी कोणते काम करायचे हे जन्माने ठरत असे, तेथे एका घरातली सगळी कामे सगळ्या जातींच्या मुलांनी करणे ही साधी गोष्ट नव्हती. कामाला चिकटलेली जात येथे गळून पडत होती. पुढे भाऊरावांनी श्रमाला शिक्षणात जे स्थान दिले, त्याचा अर्थ या स्वयंपाकघराशिवाय कळत नाही.

या संसाराचा भार लक्ष्मीबाईंनी उचलला. सुखवस्तू घरातून आलेल्या या माउलीने अनेक जातींच्या मुलांना आपली मुले मानले. पैसे संपले तेव्हा अंगावरचे दागिने एकेक करून गेले आणि अखेर मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्रही मोडले गेले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. रयतेच्या इतिहासात देणगीदारांची यादी मोठी आहे. त्या यादीत पहिले नाव लक्ष्मीबाईंचेच घालावे लागेल.

१९३२ मध्ये पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस सुरू झाले. पुणे करारानंतरच्या दिवसांत, सवर्ण व अस्पृश्य मुलांनी एकत्र राहून शिकावे, हा त्यामागचा हेतू होता. करार कागदावर होतो, पण तो अमलात आणायला एकत्र जेवणारी मुले लागतात, हे भाऊरावांना उमगले होते.

आधी शिक्षक, मग शाळा

संस्था उभारणारे बहुधा इमारतीपासून सुरुवात करतात. भाऊरावांच्या कामाचा क्रम वेगळा होता आणि आजच्या योजनाकारांनी तो बारकाईने पाहावा असा आहे.

१९३५ मध्ये संस्थेची नोंदणी झाली आणि त्याच वर्षी साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रुरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. हे प्राथमिक शिक्षक घडविणारे विद्यालय होते. संस्थेचे स्वतःचे हायस्कूल अजून निघायचे होते आणि पदवी महाविद्यालय तर बारा वर्षे दूर होते. आधी शिक्षक तयार करायचे, हे शिक्षक खेड्यातलेच असायचे आणि ते खेड्यातच परत जायचे, अशी ही आखणी होती. शहरातून पाठविलेला मास्तर गावात टिकत नाही, पहिल्या बदलीची वाट पाहत दिवस काढतो, हे सर्वांना ठाऊक होते. त्यावर भाऊरावांनी शोधलेला उपाय साधा होता. गावच्याच मुलाला मास्तर करायचे.

१९३७ नंतर प्रांतिक सरकारने स्वयंसेवी शाळांना उत्तेजन देण्याचे धोरण स्वीकारले, तेव्हा या तयारीचे फळ दिसले. इतरांकडे इच्छा होती, रयतेकडे माणसे होती. जेथे सरकारी शाळा पोहोचली नव्हती, तेथे देवळात, चावडीत, झाडाखाली वर्ग भरू लागले. डोंगराळ भागातील वाड्यावस्त्यांवर संस्थेने पाचशेहून अधिक व्हॉलंटरी शाळा चालविल्या. पुढे त्या शासकीय यंत्रणेकडे सोपविण्यात आल्या. आपण सुरू केलेल्या शाळा दुसऱ्याच्या स्वाधीन करताना संस्थाचालकाचा जीव सहसा अडकतो. तेथे भाऊरावांना संस्थेच्या मालकीपेक्षा मूल शाळेत बसणे महत्त्वाचे वाटले.

कौशल्यशिक्षणाच्या आजच्या चर्चेत इमारती, यंत्रे आणि अभ्यासक्रम यांवर भर असतो. कार्यशाळेत यंत्र येते, पण ते शिकविणारा निदेशक नसतो आणि यंत्रावरचे आवरण तसेच राहते, ही तक्रार नवी नाही. आधी शिक्षक आणि मग शाळा हा सातारचा क्रम त्यामुळेच आजही शिळा झालेला नाही.

मजुरी नव्हे, स्वाभिमान

१९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. निवासी, विनामूल्य आणि श्रमावर चालणारे हे हायस्कूल 'कमवा आणि शिका' या कल्पनेचे पहिले मोठे रूप होते. जून १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. विद्यार्थी दिवसातील काही तास शेतात राबत, खडी फोडत, बांधकामावर दगडमाती वाहत, झाडे लावत आणि उरलेल्या वेळात वर्गात बसून पदवीचा अभ्यास करीत. त्यांची फी घामाच्या रूपाने भरली जात होती.

श्रमाची आणि शिक्षणाची सांगड घालण्याचे प्रयोग इतरत्रही झाले होते. अमेरिकेत बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे कृष्णवर्णीयांसाठी संस्था काढली. तेथील विद्यार्थ्यांनी स्वतः विटा भाजल्या. पहिल्या भट्ट्या फसल्या, तरी प्रयत्न सोडला नाही आणि त्याच विटांनी आपल्या इमारती उभारल्या. भाऊरावांची तुलना अनेकदा वॉशिंग्टन यांच्याशी केली जाते. आपल्याकडे १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेतून गांधीजींची नई तालीम पुढे आली. चरखा आणि हस्तोद्योग यांच्याभोवती सारे शिक्षण गुंफण्याची ती कल्पना होती.

तुलना उद्बोधक असली तरी एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. वॉशिंग्टन यांच्या मार्गावर त्यांच्याच समाजातील विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी कठोर टीका केली होती. गुलामांच्या मुलांना केवळ हस्तकौशल्य शिकविले, तर ती कुशल मजूर होतील, पण मजूरच राहतील, असा त्या टीकेचा रोख होता. ही भीती आपल्याकडेही खरी होती आणि आहे. सधनांच्या मुलांसाठी विद्यापीठ आणि गरिबांच्या मुलांसाठी हातोडा अशी वाटणी कौशल्यशिक्षणाच्या नावाखाली सहज होऊ शकते.

भाऊरावांनी ही वाटणी नाकारली. सातारच्या माळावर खडी फोडणारा विद्यार्थी खडी फोडण्याचे शिक्षण घेत नव्हता. तो इतिहास, इंग्रजी, अर्थशास्त्र शिकत होता, सधनांची मुले जे शिकत तेच शिकत होता. त्याचे श्रम ही त्या शिक्षणाची किंमत होती. त्याचे भवितव्य श्रमाने ठरवून टाकलेले नव्हते. शिक्षण दान म्हणून मिळाले तर घेणारा वाकतो, कमावून घेतले तर ताठ राहतो, हे त्यामागचे सूत्र होते. रयतेच्या वसतिगृहात वाढलेले पी. जी. पाटील इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन परतले, संस्थेतच प्राध्यापक झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. एका माणसाच्या या प्रवासात भाऊरावांच्या प्रयोगाचे सारे तात्पर्य सामावले आहे.

या प्रयोगाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. शेती, बांधकाम आणि दगडफोडी हे श्रम मुख्यतः अंगमेहनतीचे होते. त्यातून शिस्त आणि स्वाभिमान मिळाला, तरी आधुनिक उद्योगाला लागणारे तांत्रिक कौशल्य मिळण्याची सोय त्यात थोडी होती. केंद्र सरकारची कारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये आली, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे जाळे त्यानंतर पसरले आणि शिकाऊ उमेदवारांचा कायदा तर १९६१ चा. स्वतः नांगरांच्या कारखान्यात वावरलेल्या भाऊरावांना आयुष्याची आणखी दहा वर्षे मिळाली असती, तर त्यांनी 'कमवा आणि शिका' योजनेला कार्यशाळेची जोड दिली असती काय, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. अभियांत्रिकी, तंत्रनिकेतन ही दालने रयतेत त्यांच्या पश्चात उघडली.

अनुदान बंद, शाळा सुरू

गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या नावाने एकशे एक हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी केला. नेमक्या याच सुमारास सरकारशी त्यांचे बिनसले. त्यांच्या स्पष्ट बोलण्याने सत्ताधारी दुखावले आणि संस्थेचे अनुदान थांबविण्यात आले. सरकारी मदतीवर ज्यांचा गाडा चालतो, अशा संस्थेसाठी हा जीवघेणा घाव होता. शेकडो शिक्षकांचे पगार आणि हजारो मुलांचे भवितव्य टांगणीला लागले.

त्या काळात शिक्षकांनी पगाराविना वर्ग चालू ठेवले. गावकऱ्यांनी धान्य दिले, वर्गणी दिली. गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला. अखेर अनुदान पुन्हा सुरू झाले. पुढे १९५४ मध्ये कऱ्हाडला महाविद्यालय काढले, तेव्हा त्याला भाऊरावांनी सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. ज्या संताने आयुष्यभर हाती खराटा धरला, त्याच्या नावाचे महाविद्यालय निघावे, यात श्रमाचा केवढा सन्मान होता! १९५५ मध्ये साताऱ्यात माध्यमिक शिक्षकांसाठी आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन सुरू झाले. हायस्कुले वाढली, म्हणून त्यांच्यासाठी शिक्षक घडविणारे महाविद्यालय. क्रम पुन्हा तोच.

संकटातून संस्था तगली याचे श्रेय एकट्या भाऊरावांच्या जिद्दीला देणे अपुरे ठरेल. शाळा सरकारने दिलेली नव्हती, गावाने आपल्या धान्यातून, जागेतून आणि श्रमातून उभी केलेली होती. म्हणूनच ती बंद पडू देणे गावाला परवडणारे नव्हते. स्थानिक संस्थेची खरी ताकद तिच्यावरील या स्थानिक हक्कात असते.

वारसा आणि वर्तमान

१९५९ हे वर्ष सन्मानांचे ठरले आणि निरोपाचेही. जानेवारीत पद्मभूषण जाहीर झाले. एप्रिलमध्ये पुणे विद्यापीठाने, इंग्रजी सहावीपुढे न गेलेल्या या माणसाला डी. लिट. ही सन्माननीय पदवी दिली. महिन्याभरातच भाऊराव गेले. मागे शंभराहून अधिक माध्यमिक शाळा, वसतिगृहे, अध्यापक विद्यालये आणि महाविद्यालये होती. स्वतःच्या नावावर सांगण्याजोगी मालमत्ता नव्हती. संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्षाचे आहे. पारंब्या जमिनीत रुजतात आणि त्यांचीच खोडे होतात, ही वडाची रीत संस्थेनेही पाळली. आज पनवेल, वाशीपर्यंत तिच्या शाखा पसरल्या आहेत आणि २०२१ मध्ये साताऱ्यात भाऊरावांच्या नावाचे विद्यापीठ स्थापन झाले आहे.

पुणे विद्यापीठातही त्यांच्या नावाने 'कमवा व शिका' योजना चालते. ग्रंथालयात, बागेत, प्रयोगशाळेत काही तास काम करून मुले खर्चाला हातभार लावतात. गरजू विद्यार्थ्यांना तिचा मोठा आधार असतो. मात्र अनेक ठिकाणी ती ताशी मानधनापुरती उरली आहे. सर्वांनी मिळून काम करायचे, त्यात जात आणि प्रतिष्ठा आड येऊ द्यायची नाही, हा तिचा गाभा होता. केवळ गरिबांच्या मुलांनीच कमवावे आणि शिकावे, असे भाऊरावांना अभिप्रेत नव्हते.

भिवंडीकडे पुन्हा वळू. साध्या यंत्रमागांची जागा हळूहळू धोट्याविना चालणारे वेगवान माग घेत आहेत. त्यांवर बसविलेली इलेक्ट्रॉनिक नियंत्रणे समजणारे हात लागतात. गोदामांतही माल हलविणारी यंत्रे आली आहेत. अशा वेळी तालुक्यातील मुलासाठी दोन चुकीचे मार्ग मोकळे आहेत. एक म्हणजे परिसराशी काडीचा संबंध नसलेली पदवी घेऊन नोकरीसाठी वणवण करणे. दुसरा म्हणजे तीन महिन्यांचे प्रमाणपत्र घेऊन एकाच यंत्राशी जखडून जाणे. ते यंत्र कालबाह्य झाले की तोही कालबाह्य. भाऊरावांच्या आयुष्याने दाखविलेला तिसरा मार्ग अधिक खडतर आहे. महाविद्यालय जवळ असावे, त्याच्या शिक्षणात हात आणि डोके यांची फारकत नसावी, शेजारच्या उद्योगाने कार्यशाळेची दारे विद्यार्थ्यांसाठी उघडावीत, नफ्यातील वाटा प्रशिक्षणावर खर्च करावा आणि शिकविणारे लोक त्याच मातीतून तयार व्हावेत.

यातील उद्योगांकडून केलेली अपेक्षा भाऊरावांच्या हयातीत पुरी झाली नाही. त्यांनी कारखाना सोडला तो याच कारणाने. आजही जमीन, रस्ता आणि पाणी गावाकडून घेणारे उद्योग गावातल्या मुलांच्या शिक्षणाचा भार सहसा आपला मानत नाहीत. वस्त्रोद्योग आणि गोदामे यांच्या मधोमध वसलेल्या गावांतील मुले त्या आवारात कोणत्या दाराने शिरणार, हे येत्या काही वर्षांत ठरेल. ९ मे रोजी पुतळ्याला हार घालताना संस्थाचालकांनी, कारखानदारांनी आणि शासनाने आपापल्या परिसरातील अशा एका तरी गावाचा हिशेब मांडून पाहावा. भाऊरावांना त्याहून निराळी आदरांजली रुचली नसती.